लहान बिनतारी कॅमेरा व त्याचा शेतांतील उपयोग

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकीं बऱ्याच जणांच्या घरीं हल्लीं इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेलीं मुलें आहेत. पार्सलनें मागविलेल्या लहान लहान पाट्या आणि तारा जुळवून त्यांची कांहीं ना कांहीं खटपट चाललेली असते, आणि वडील मंडळी हा पैशाचा व वेळेचा चुराडा आहे असें समजून तिकडे कानाडोळा करतात. मीही तसेंच समजत होतों. परंतु माझ्या पुतण्यानें दोन वर्षांपूर्वीं असल्याच एका खटपटींतून आमच्या विहिरीवर एक कॅमेरा बसविला, व त्यापासून मला थोडा लाभ आणि थोडी फजिती अशीं दोन्ही फळें मिळालीं. त्या अनुभवावरून हा लेख लिहीत आहें. माझें शिक्षण गांवच्या मराठी शाळेंतलें आणि उभी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेलेली. तेव्हां यंत्रशास्त्राचा अधिकार मला नाहीं. मात्र जी वस्तु मीं स्वतः हाताळली, तिची कारकुनास शोभेल अशी चोख नोंद करण्याचा प्रयत्न केला आहे.

या वस्तूचें बाजारांतील नांव ‘ईएसपी-३२ कॅम’. लांबी ४०.५ मिलिमीटर व रुंदी २७ मिलिमीटर, म्हणजे आगपेटीहून लहान. चीनमधील शेंझेन शहरांतील आय-थिंकर ही कंपनी ती तयार करते, आणि तिच्यासारखीच पाटी दुसरेही पुष्कळ कारखानदार काढतात. पाटीच्या एका अंगास पत्र्याच्या झांकणाखालीं तिचा मेंदू आहे. ही ईएसपी-३२ नांवाची चिप शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीनें २०१६ सालीं बाजारांत आणली. दुसऱ्या अंगास कॅमेऱ्याचा डोळा असतो. त्याचें भिंग हरभऱ्याएवढें, आणि तो चपट्या फितीनें पाटीला जोडलेला असतो. त्याच्या शेजारीं मेमरी कार्डाची खांच, आणि कडेला एक लहानसा पण प्रखर पांढरा दिवा. किंमत दुकानागणिक बदलते. साधारणपणें पांचशें ते आठशें रुपयांच्या दरम्यान ती मिळते. एवढ्या किंमतींत कॅमेरा, गणकयंत्र आणि बिनतारी संदेशाचें साधन अशा तीन वस्तु एकत्र मिळतात, हें पाहून माझ्यासारख्या जुन्या माणसास अचंबा वाटतो.

परंतु ‘बिनतारी’ या शब्दानें पुष्कळांची फसगत होते, ती प्रथम दूर केली पाहिजे. ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांनीं मला विचारलें, “अण्णा, माझा मळा घरापासून तीन कोसांवर आहे. हें तिथें ठेवलें कीं घरबसल्या मोबाइलवर सगळा मळा दिसेल ना?” याचें सरळ उत्तर ‘नाहीं’ असें आहे. या पाटींत सिमकार्ड बसत नाहीं, आणि मोबाइलच्या मनोऱ्याशीं तिचें कांहीं नातें नाहीं. तिला येतें तें फक्त वायफाय, व तेंही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांतील. हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठीं आपल्या देशांत परवान्याविना मोकळा आहे, ही मोठी सोय. पण त्याची मजल घराच्या ओट्यापासून गोठ्यापर्यंतची समजावी. मध्यें भिजलेली भिंत, पत्र्याची पडवी किंवा दाट हिरवें पीक आलें कीं मजल आणखी घटते. कारण पाणी या लहरी शोषून घेतें आणि पत्रा त्या परतवून लावतो. आमची विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मार्चमध्यें ओसरीवर बसून तिचें चित्र मोबाइलवर दिसत असे. मधला ऊस पुरुषभर वाढल्यावर तें दिसेनासें झालें. पुतण्या पाटीस दोष देऊं लागला, पण दोष उसाचा होता.

पाटीवरच उमटविलेली तांब्याची नागमोडी रेघ हा तिचा अँटेना. बाहेरचा मोठा अँटेना जोडण्यासाठीं शेजारीं एक बारीक गोल खोबण आहे. परंतु नुसता अँटेना जोडून भागत नाहीं. तिथें तिळाएवढा एक जोड आहे, तो सोल्डरिंग करून एका बाजूवरून दुसऱ्या बाजूस हलवावा लागतो. हें ज्यांस ठाऊक नसतें, ते अँटेना विकत आणून लावतात आणि फरक पडला नाहीं म्हणून दुकानदारास बोल लावतात. दूरच्या मळ्यावरून चित्र घरीं यावेंच असा आग्रह असेल, तर मळ्यावर सिमकार्डाचा वेगळा राउटर व त्यास चोवीस तास वीज हवी. मग स्वस्ताई संपली. त्यापेक्षां चित्रें कार्डावर सांठवूं द्यावीं व चार-आठ दिवसांनीं शेतावर गेल्यावर काढून पाहावीं, हा मार्ग मीं पत्करला, आणि बहुतेक शेतकऱ्यांस तोच परवडेल असें मला वाटतें.

आतां हें यंत्र चित्र कसें काढतें तें थोडक्यांत सांगतों, कारण तें समजलें म्हणजे त्याच्याकडून काय अपेक्षावें व काय अपेक्षूं नये हें आपोआप कळतें. भिंगामागें ओम्निव्हिजन कंपनीची ‘ओव्ही-२६४०’ नांवाची प्रकाश टिपणारी चकती आहे. तिच्यावर १,६०० उभ्या व १,२०० आडव्या ओळी, म्हणजे एकूण १९,२०,००० ठिपके आहेत. मोठ्या तक्त्याच्या खान्याखान्यांत आकडे भरावे तशी प्रत्येक ठिपक्यांत प्रकाशाची नोंद होते. एका ठिपक्यास दोन बाइट जागा धरली तरी एका चित्रास ३८,४०,००० बाइट लागतात. आणि चिपच्या पोटांतील स्मृति अवघी ५२० किलोबाइट. जोडीस बाहेरून दिलेली ४ मेगाबाइट. म्हणजे एकच चित्र सबंध कोठार भरून टाकील. यावर तोड अशी काढली आहे कीं, ती चकती चित्र पुढें पाठविण्यापूर्वींच त्याचा संक्षेप करते. आम्हीं दप्तरांत वरचाच मजकूर पुन्हां आला कीं ‘कित्ता’ लिहून जागा व शाई वांचवीत असूं, तशाच धर्तीचा हा प्रकार आहे. आठ ठिपके लांब व आठ ठिपके रुंद असे चौकोन पाडून, त्यांत जेथें फारसा फरक नसेल तेथें तें थोडक्यांत लिहिलें जातें. या पद्धतीस ‘जेपेग’ म्हणतात. निरभ्र आकाशाचें चित्र यामुळें अगदीं लहान होतें आणि गवताचें वा तुरीच्या झाडोऱ्याचें मोठें होतें. कारण पानापानांत फरक असल्यानें तेथें ‘कित्ता’ चालत नाहीं. आणि संक्षेप म्हटला कीं बारकावे गळणारच. शंभर पावलांवरील माणसाचें तोंड चित्र मोठें करून ओळखतां येईल अशी आशा धरूं नये.

चिपेंत कार्यक्रम भरण्याचें काम मुलांचें. त्याविषयीं फार लिहीत नाहीं. या पाटीस यूएसबीची खांच नसते, म्हणून तिच्याखालीं बसणारी ‘एमबी’ नांवाची जोडपाटी पहिल्या खरेदींतच बरोबर मागवावी. ती नसल्यास वेगळें जोडयंत्र घेऊन ‘शून्य’ क्रमांकाची पिन जमिनीच्या पिनेशीं जोडून ठेवावी लागते व काम झाल्यावर आठवणीनें सोडावी लागते. आर्डुइनो नांवाच्या मोफत साधनांत ‘कॅमेरा वेब सर्व्हर’ हा तयार कार्यक्रम मिळतो. त्यांत आपल्या वायफायचें नांव व संकेतशब्द घातला आणि पाटीची जात ‘एआय थिंकर’ अशी निवडली कीं पहिलें चित्र दिसूं लागतें. जात चुकीची निवडली तर कांहींच दिसत नाहीं, आणि नव्या मुलांचे निम्मे तास या एका चुकींत जातात.

खरी अडचण येते ती विजेची. आमच्या पुतण्यानें प्रथम मोटारीच्या खोलींतल्या चार्जरपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत पन्नास फूट बारीक तार ओढून पाटीस वीज दिली. पाटी सुरू होई, दिवा लुकलुके आणि वायफाय सुरू होण्याच्या क्षणीं ती मरे. पुन्हां सुरू होई, पुन्हां मरे. संगणकावर ‘ब्राउनआउट डिटेक्टर वॉज ट्रिगर्ड’ एवढेंच वाक्य उमटत राही. “काका, हें मोड्यूलच खराब आलें आहे,” असें म्हणून त्यानें दुसरें मागविलें. तेंही तसेंच वागलें. मग मला आठवलें कीं, शेजारची पांच अश्वशक्तीची मोटार सुरू झाली कीं आमच्या गोठ्यांतला दिवा क्षणभर मिणमिणा होतो. येथें तोच प्रकार होता. बिनतारी लहरी सोडतांना चिप एकदम जास्त वीज ओढते. तार बारीक व लांब असली कीं शेवटच्या टोकाचा दाब पडतो, आणि दाब पडला कीं चिप आपल्या बचावासाठीं स्वतःच बंद होऊन पुन्हां उठते. चार्जर पाटीजवळ आणून तार हातभर व जाड घेतली, तेव्हां दोन्ही पाट्या निमूटपणें चालूं लागल्या. पांच व्होल्ट व दोन अँपिअरचा चांगला चार्जर, आंखूड जाड तार, आणि जमल्यास विजेच्या पिनांजवळ हजार मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, एवढें केलें कीं या यंत्राविषयींच्या निम्म्या तक्रारी होत नाहींत.

जेथें वीजच नाहीं तेथें हिशेब करूनच उतरावें. कारखानदारानें दिलेल्या तक्त्याप्रमाणें ही पाटी दिवा न लावतां पांच व्होल्टवर १८० मिलिअँपिअर घेते, दिवा पूर्ण तेजानें लावल्यास ३१०, आणि गाढ झोपेंत ६. सतत जागी ठेवली तर दिवसाचे ४,३२० मिलिअँपिअर-तास होतात. मोबाइलसाठीं मिळणारी दहा हजारांची पॉवर बँक दीड दिवसांतच आटोपते, कारण तिच्यावरचा आंकडा आंतल्या ३.७ व्होल्टच्या घटाचा असतो, पांच व्होल्टचा नव्हे. उलट पाटीस दर अर्ध्या तासानें पंधरा सेकंद जागें केलें, एक चित्र कार्डावर लिहविलें आणि पुन्हां निजविलें, तर दिवसांत ती अवघी बारा मिनिटें जागी राहते. जागेपणाचे ३६ व झोपेचे सुमारें १४३, मिळून १८० मिलिअँपिअर-तासांच्या आंत सबंध दिवस निघतो. गंमत अशी कीं, येथें पॉवर बँक मुळींच कामाची नाहीं. इतकी कमी वीज जातां पाहून बहुतेक पॉवर बँका ‘कोणी जोडलेलें नाहीं’ असें समजून स्वतःला बंद करून घेतात. आम्हीं बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी घेतली, आणि दाब पांच व्होल्टवर उतरविणारा लहान कन्व्हर्टर मध्यें घातला. कन्व्हर्टरची नासाडी दुप्पट धरली आणि बॅटरी अर्धीच वापरावयाची म्हटली, तरी तीन आठवडे पाहावें लागत नाहीं. वर सौर पत्रा लावला तर तेंही नको.

आतां उपयोगाकडे वळतों. चोर पकडण्यासाठीं म्हणून आम्हीं हें यंत्र आणलें, पण खरा फायदा झाला तो विहिरीचें पाणी मोजण्यांत. विहिरीच्या बांधावर काठावरून खालपर्यंत एका सरळ पट्टीवर दहा-दहा सेंटिमीटरचे पांढरे व काळे पट्टे रंगविले, दर मीटरास तांबडा पट्टा दिला, आणि समोरच्या कठड्यावरून कॅमेरा त्या पट्टीवर रोंखला. आठ मीटर अंतरावरून या भिंगांत एक ठिपका स्थूलमानानें अर्धा-पाऊण सेंटिमीटर जागा व्यापतो. म्हणून दहा सेंटिमीटरचा पट्टा अगदीं स्पष्ट दिसतो. भिंग कारखान्यांत गोंदानें घट्ट केलेलें असतें. चित्र धूसर आल्यास गोंद हलक्या हातानें फोडून भिंगाचें कडें किंचित् फिरवावें.

पंप रात्रपाळीच्या विजेवर चालून सकाळीं सहाला बंद झाला कीं दर अर्ध्या तासाचें चित्र पडूं लागतें, आणि पाणी किती वेगानें चढतें तें कार्डावर लिहिलें जातें. आमच्या विहिरीचा व्यास पांच मीटर, म्हणजे क्षेत्र १९.६ चौरस मीटर. पाणी दहा सेंटिमीटर चढलें म्हणजे सुमारें १,९६० लिटर आलें. एका मार्चमधील नोंद सांगतों. पहिल्या तासांत पाणी बारा सेंटिमीटर चढलें, सहाव्या तासांत सात. कारण विहीर भरत जाते तसा झऱ्यांवरील दाब वाढून त्यांचा ओघ मंदावतो. दुसऱ्या दिवशीं सकाळीं सहापर्यंत एकंदर चढ दीड मीटर भरला. म्हणजे चोवीस तासांत झऱ्यांनीं सुमारें २९,४०० लिटर पाणी दिलें. आतां एका एकरास, म्हणजे ४,०४७ चौरस मीटरांस, पाटपाण्यानें पांच सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची तर २,०२,००० लिटरांहून अधिक पाणी लागतें. भागाकार केला तर एका एकराच्या एका पाळीस जवळजवळ सात दिवसांची आवक खर्च होते.

त्या वर्षीं माझ्या मनांत दोन एकर उन्हाळी भुईमूग होता. बीं आणण्याची तयारीही झाली होती. मागील वर्षीं विहीर ‘बरी होती’ या आठवणीवर मी विसंबलों होतों. दोन एकरांस पाळी चौदा दिवसांनीं फिरणार, आणि एप्रिल-मेच्या उन्हांत आऱ्या सुटण्याच्या व शेंगा भरण्याच्या वेळीं भुईमूग चौदा दिवस तहानलेला राहूं शकत नाहीं, हें कागदावर मांडल्यावर मी एका एकरावर आलों व तोही तुषार सिंचनावर घेतला. आमच्या शिवारांत त्या उन्हाळ्यांत मेच्या दुसऱ्या आठवड्यांत कित्येकांचीं पिकें वाळलीं. माझा एकर हातीं आला. हें सर्व काठी व दोरी घेऊन, घड्याळ लावून बसल्यासही मोजतां येतें, नाहीं असें नाहीं. परंतु चोवीस तास विहिरीच्या काठावर कोण बसतो? इतक्या वर्षांत मीं तरी बसलों नव्हतों.

फजिती झाली ती त्याच वर्षींच्या पावसाळ्यांत. कॅमेरा विहिरीवरून काढून आम्हीं ओढ्याकडील बांधावर सोयाबीनच्या बाजूस लावला होता. एका रात्रीं ओढ्याचें पाणी शेतांत शिरलें व दोन दिवस तुंबून राहिलें. कार्डावर दोनशेंवर चित्रें मिळालीं. पाणी बांधावरून आंत येतांना, पीक बुडतांना, पाणी ओसरतांना, सर्व क्रमवार. मला वाटलें, असा पुरावा आजवर एकाही पंचनाम्यास जोडला गेला नसेल. तलाठी, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, ते पाहणीस आले. माझ्या हाताखालीं पूर्वीं काम शिकलेला तो तरुण. त्यानें कार्ड आपल्या संगणकांत घातलें, कांहीं वेळ पाहिलें, आणि अदबीनें विचारलें, “अण्णा, हीं चित्रें १ जानेवारी १९८० चीं दिसतात. तशीच तारीख लिहूं काय?”

कारण असें कीं, या पाटीवर कायमचें घड्याळ नाहीं. वीज चालू असेपर्यंत ती वेळ मोजते, झोपेंतही मोजते. पण कोणीतरी तिला खरी वेळ एकदां सांगावी लागते, आणि वीज खंडली कीं ती सर्व विसरते. वायफाय जोडलेलें असल्यास ती इंटरनेटवरून वेळ विचारून घेऊं शकते. आमचें वायफाय बंद. अशा स्थितींत कार्डावर जी सर्वांत पहिली तारीख लिहितां येते ती ती लिहिते, आणि ती १ जानेवारी १९८० आहे. जन्मभर ‘दिनांक नसलेला कागद फायलीस लावूं नये’ असें इतरांस बजावलेला मी, माझ्याच शेतांत दिनांक नसलेले दोनशें कागद घेऊन उभा होतों. नुकसानीची पाहणी प्रत्यक्ष पिकावरून झाली व ती योग्य झाली. परंतु पाणी नेमकें केव्हां शिरलें आणि किती तास तुंबलें, ही गोष्ट माझ्या चित्रांवरून लिहितां आली नाहीं.

उपाय फार स्वल्प आहे. ‘डीएस-३२३१’ नांवाच्या चिपेचें लहान घड्याळ मिळतें. त्यांत नाण्यासारखा घट बसतो आणि बॅटरी काढली तरी तें चालत राहतें. माल अस्सल असल्यास वर्षाकाठीं सुमारें एक मिनिटाचाच फरक पडतो. कार्ड वापरतांना पाटीच्या बहुतेक पिना गुंतलेल्या असतात, म्हणून कार्ड एकाच तारेवर चालविण्याची पद्धति कार्यक्रमांत निवडावी. त्यानें दोन-तीन पिना मोकळ्या होतात, आणि कार्ड लिहितांना पांढरा दिवा उगीच लुकलुकतो तोही थांबतो, कारण दिवा व कार्ड यांची चार क्रमांकाची पिन सामाईक आहे. घड्याळ जोडतांना मात्र बारा क्रमांकाची पिन टाळावी. पाटी उठतांना त्या पिनेवर दाब असला तर ती उठतच नाहीं. हा शोध आम्हांस एक रविवार घालवून लागला. आतां प्रत्येक चित्राच्या नांवांतच वर्ष, महिना, दिवस व वेळ लिहिली जाते.

तथापि तारीख आली म्हणजे चित्र कोर्टांत आपोआप पुरावा झालें असें समजूं नये. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ हा १ जुलै २०२४ पासून अमलांत आला आहे, व त्याच्या कलम ६३ प्रमाणें इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करतांना विहित नमुन्याचें प्रमाणपत्र जोडावें लागतें. बांधाचा किंवा पाण्याचा वाद कोर्टांत जाण्याचा संभव असेल, तर मूळ कार्ड जसेंच्या तसें पाकिटांत घालून ठेवावें, त्यावर नवें कांहीं लिहूं नये, आणि वकिलास आधींच विचारावें.

राखणीविषयीं दोन शब्द. दिवसां हें यंत्र ठीक. अंधारांत तें आंधळें आहे. पाटीवरचा दिवा चार-सहा हातांपलीकडे उजेड पाडीत नाहीं, आणि पावसाळ्यांत त्याच्याभोंवतीं किडे जमून चित्रांत किड्यांखेरीज कांहीं दिसत नाहीं. तांबड्यापलीकडील किरण अडविणारी गाळणी नसलेलें निराळें भिंग व त्याच्या जोडीस ८५० नॅनोमीटरचे दिवे लावले तर रात्रीं कामचलाऊ चित्र येतें. पण मग दिवसांच्या चित्रांचे रंग बिघडतात, हिरवें पीक जांभळट दिसतें. हालचाल ओळखणारा सेन्सर जोडून पाटीस झोपेंतून उठवितां येतें. परंतु उठून, डोळा स्थिरावून चित्र घेईपर्यंत कांहीं सेकंद जातात. आमच्याकडे रानडुकरांचीं अशीं तीन चित्रें आहेत. दोन चित्रांत हललेलें पीक आहे व एकांत डुकराची पाठ. मोटारीची केबल चोरणारा कांहीं या यंत्रास भिणार नाहीं. तो केबलीबरोबर यंत्रही घेऊन जाईल. केबलीसाठीं लोखंडी पाइप व कुलूप हेंच अजून खरें.

आणखी एक गोष्ट. कॅमेरा कोणीकडे तोंड करून आहे याचा विचार गांवांत राहणाऱ्यानें केलाच पाहिजे. ओढ्यावर बायाबापड्या धुण्यास येतात, पाणंदीनें शेजाऱ्यांचें जाणें-येणें असतें. आमचा कॅमेरा बांधावर लागला तेव्हां शेजारच्या वहिनींनीं घरीं येऊन स्पष्ट विचारलें, आणि तें योग्यच होतें. मीं त्यांस मोबाइलवर चित्र दाखविलें व भिंगाच्या एका अंगास पत्र्याची झांप लावून पाणंद झांकली. वर सांगितलेल्या तयार कार्यक्रमास कुलूप नसतें, हेंही ध्यानांत ठेवावें. आपल्या वायफायचा संकेतशब्द ज्याला ठाऊक, त्याला चित्र दिसतें. संकेतशब्द साऱ्या आळीस सांगून ठेवण्याची आपली चाल येथें बाधते.

जपणुकीच्या बाबतींत, फीत जेथें बसते ती काळी पट्टी अतिशय नाजूक आहे. ती नखानें वर उचलावी, ओढूं नये. पाटी काम करतांना तापते, म्हणून उन्हांत बंद डब्यांत ठेवूं नये. चित्रावर गुलाबी झांक व रेघा दिसूं लागल्या कीं ती तापली असें समजावें. आम्हीं विजेच्या फिटिंगचा प्लास्टिक डबा घेतला, खालून तार आंत घेतली म्हणजे तिच्यावरून पाणी आंत उतरत नाहीं, भिंगासमोर कांचेचा तुकडा चिकटविला व वर पत्र्याची पडवी केली. डब्यांत बुटांच्या खोक्यांत मिळणारी ओल शोषणारी पुडी टाकली आहे. ती नसेल तर पहिल्याच धुक्यांत कांचेवर आंतून दंव धरतें. कार्ड संगणकांत एफएटी-३२ पद्धतीनें तयार करून घालावें. चार गिगाबाइटचें लहान कार्डही पुष्कळ होतें. कार्ड काढण्यापूर्वीं बॅटरी सोडावी, नाहींतर लिहीत असलेलें चित्र अर्धवट राहतें व कधीं कधीं सबंध कार्ड वाचेनासें होतें.

यंदा मृगापूर्वीं घड्याळाचा घट नवा घातला असून कॅमेरा पुन्हां ओढ्याकडील बांधावर लावला आहे. भुईमुगाचा हंगाम आला कीं तो विहिरीवर जाईल. विहिरीच्या पट्टीचे रंग व अंतरें यांचा तक्ता माझ्या वहींत आहे. ज्या सभासदांस हवा असेल त्यांनीं मासिक सभेच्या दिवशीं वही घेऊन यावें म्हणजे उतरून घेतां येईल. पुतण्याही त्या दिवशीं पाटी घेऊन येणार आहे.